फुटलेल्या ताकाची होडी

"मास्तर, सुतारखोलीत मुलगी शिरली की करवत बोथट होते का हो?"

प्रश्न माझा नव्हे. विचारला मी, पण तो शिजवला हेमा आणि सगुणा या माझ्या दोघी मैत्रिणींनी, मधल्या सुट्टीत, शाळेच्या हौदाच्या कठड्यावर बसून. "विचारशील तर खरी उत्तरा!" असं हेमा म्हणाली आणि सगुणा नुसती हसली. सगुणा तशी हसली की मला राहवत नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायची तेसुद्धा इतकं बारीक की माझी गैरहजेरी लागायची. पण यंदा नववीत वक्तृत्वात पहिली आले, आणि तेव्हापासून, माझे वडील, म्हणजे नाना, म्हणतात तसं, माझ्या जिभेला चाकं लागली आहेत.

सुतारखोलीत मुलांचं खिदळणं. दौलत मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला रंधा आडवा ठेवला, पात्यावरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, "करवतीला काही होत नाही. पोरींच्या बोटांना होतं."

"मग मुलांची बोटं काय लोखंडाची असतात?"

मागून कुणीतरी "वाहवा!" केलं. मास्तरांनी तिकडे नुसतं पाहिलं आणि 'वाहवा' गप्प झाली.

"तुला यायचंय का इथं?"

"मला, हेमाला आणि सगुणाला."

हे मात्र कुणी शिजवून दिलेलं नव्हतं. आमच्या शाळेत बुधवारी शेवटचे दोन तास मुलगे सुतारकामाला आणि मुली शिवणाला. शिवणाच्या वर्गाच्या खिडकीतून समोर सुतारखोली दिसते. दोन वर्षं मी एकाच परकराला दुमड घालते आहे, उसवते आहे, पुन्हा घालते आहे, आणि समोर रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या सालींच्या कुरळ्या बटा बघते आहे. दोन फळ्या एकमेकींत अशा बसतात की मध्ये नखसुद्धा शिरत नाही! मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी आजवर कुणाला बोललेच नव्हते.

"मग होडी कर," मास्तर म्हणाले. "हातभर लांब. ओंडका कोरून नाही, फळ्या जोडून. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी मासुंदा तलावात सोडायची, माझं शेराचं वजन आत ठेवून. पहिल्या घंटेपासून मधल्या सुट्टीपर्यंत तरली, तर हेडमास्तरांशी मी बोलेन. तिघी या खुशाल."

"आणि बुडाली तर, मास्तर?" एका मुलानं विचारलंच.

"तर सोमवारी प्रार्थनेला उभं राहून सगळ्या शाळेला सांगायचं, की मुलींची जागा शिवणाच्या तासाला. मोठ्यानं. वक्तृत्वात पहिली आलीये ना?"

"कबूल!" मी म्हटलं.

दाराबाहेर आल्यावर आठवलं, माझ्याकडे एक फळीसुद्धा नाही.

फळ्या मिळाल्या. नाना कल्याणला मालधक्क्यावर कारकून आहेत, त्यांनी आंब्याची एक मोडकी पेटी आणून दिली. शेजारच्यांकडून करवत आणली, फळ्या कापल्या, घासल्या, तळ आणि दोन्ही बाजू बेतल्या. पण खिळा ठोकला की पेटीची फळी उभी चिरायची. टक्, आणि दोन तुकडे. म्हणजे चिकटवण्यावाचून गती नाही. आता काय, डिंक घरात होताच! आईनं लाडवांसाठी ठेवलेला पाण्यात भिजवला, होडी जोडली, दोन दिवसांनी न्हाणीघरातल्या घंगाळात सोडली. होडीनं तळ सोडला आणि डिंकानं होडी सोडली. मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

मग मला सुचलं की मास्तर टेबलं-खुर्च्या कशानं जोडतात? सरसानं! त्यांच्या खोलीत कोपऱ्यात ते काळं भांडं सदा गरम असतं. नानांना म्हटलं, नानांनी कल्याणच्या बाजारातून सरसाच्या लाद्या आणल्या, पिवळट, काचेसारख्या. तो शुक्रवार होता. आईनं सकाळी जिवतीची पूजा केली होती आणि दुपारी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी सरस फोडला, भिजवला, आणि ओट्यावर हाताशी आली ती छोटी पितळी तपेली चुलीवर ठेवून शिजवला. वास सुटला तो असा की मांजर उठून गेलं. पण चिकट काय झाला होता! मी नाक दाबून सगळे सांधे जोडले, सुतळीनं आवळले, वर वरवंटा ठेवला.

आई परत आली. दारातच थबकली.

"कसला वास हा?"

"सरस आहे, आई. सुतार लावतात तो."

"कशात शिजवलास?"

मी तपेली दाखवली. आईचा चेहरा असा झाला की मी मागे सरकले.

"जिवतीच्या दुधाची तपेली! अगं, मुलांना आयुष्य मिळावं म्हणून जिची पूजा करायची, तिच्या नैवेद्याच्या तपेलीत ढोराचं कातडं शिजवलंस?"

कातडं? मला कुठं माहीत होतं! मला वाटलं झाडाचं असेल काहीतरी, डिंकासारखं. आईनं तपेली चिमट्यानं उचलून अंगणात फेकली, चूल सारवली, गोमूत्र शिंपडलं आणि डोक्यावरून आंघोळ केली. संध्याकाळी नाना आले तर त्यांनाही सुटका नव्हती.

"तुम्ही आणून दिलंत! तुम्हाला तरी माहीत होतं ना सरस कशाचा असतो?"

"मला वाटलं, शाळेत वापरणार," नाना चपला काढता काढता पुटपुटले. "मला काय ठाऊक, ती तुझ्या चुलीवर..."

"माझ्या चुलीचं नाव काढू नका."

दुसऱ्या दिवशी मी होडी घंगाळात सोडली. एवढं रामायण झालं, निदान होडी तरी! वाटलं, आता तरंगेल आणि आईलाही दाखवता येईल. ती तरली. मी टाळीसुद्धा वाजवली. मग सांधे मऊ झाले, पाणी चहासारखं पिवळं झालं, आणि एकेक फळी, जणू काही घाईच नाही अशी, बाजूला सरकत गेली.

सोमवारी शाळेत सगुणाला सांगितलं. ती बाळकुमची. तिच्या वडिलांची स्वतःची होडी आहे, खाडीतून मिठाची वाहतूक करतात. तिनं कपाळावर हात मारला.

"अगो उत्तरे, सरस पान्यान? सरस पान्यान विरघलतं! खुर्ची काय पवाया जाते?"

"मग तुमच्या होडीला काय लावतात?"

"राल नि तेल. फलीच्या मधल्या फटी रालीनं बुजवाच्या. पन फल्या धरून ठेवाया खिलं लागतान. राल फल्या नाय धरत."

"माझ्या फळ्यांना खिळे चालत नाहीत गं!"

"मंग फल्या धरील असं कायतरी शोध. राल मी देतू."

म्हणजे एक नव्हे, दोन चिकटवायच्या वस्तू हव्या होत्या. एक फटी बुजवणारी, ती सगुणा देणार. आणि एक फळ्या धरणारी, पाण्यातही न सुटणारी, जी माझ्याकडे नव्हती, कुठं मिळते ते माहीत नव्हतं, आणि शनिवार समोर उभा होता. हेमा म्हणाली, "खळ लाव." खळ म्हणजे कणकेची! पतंगाला लावतात ती! मी तिच्यावर इतकी ओरडले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग माझ्याही. वर्गातली मुलं येता-जाता "मुलींची जागा!" असं सुरावर म्हणायला लागली होती. मला रात्रीचं जेवण जाईना.

घरात आईचा अबोला. आई अबोला धरते तेव्हा काम थांबत नाही, फक्त ती माझ्याशी बोलायचं नानांकडून बोलते. "तिला सांगा, ताट वाढलंय." मी समोरच बसलेली असते!

मंगळवारी संध्याकाळी आई लोणच्याची बरणी पुसत होती. चिनीमातीची, मोठी. तिच्या पोटावरून एक तडा गेलेला आहे, आणि तड्यावर पांढरी, दगडासारखी रेघ. मी लहान असल्यापासून ती रेघ आहे. बरणी दरवर्षी गरम पाण्यानं धुतात, उन्हात ठेवतात, आत मिठाचा खार असतो, आणि ती रेघ हलत नाही. माझ्या डोक्यात लख्खकन काहीतरी झालं.

"नाना, आईला विचारा, बरणी कशानं सांधली?"

नाना वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, ती विचारतेय..."

"ऐकलं मी. तिला सांगा, नासलेल्या दुधाचा चोथा आणि चुना."

"ऐकलंस ना? मग मला कशाला हमाल करता दोघी मिळून?"

"पाण्यात सुटतं का ते, विचारा!"

"सुटलं असतं तर बरणी राहिली असती का, सांगा तिला."

मी उठून नाचलेच. "आई, मला थोडं दूध नासवून दे ना! थोडंच! लिंबू पिळते मी."

आईनं बरणी खाली ठेवली. अबोला विसरून सरळ माझ्याकडे पाहिलं. "मुद्दाम दूध नासवायचं? श्रावणात? ज्या घरात जिवती पूजली जाते तिथं? बरणीच्या वेळी दूध आपसूक नासलं होतं. आपसूक नासलं तर घे. मुद्दाम नासवणं म्हणजे गाईला शिवी देणं. माझ्या घरात नाही." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

मग मी तिला सगळं सांगितलं. प्रश्न, मास्तर, वजन, मासुंदा, सोमवारची प्रार्थना. 'मुलींची जागा शिवणाच्या तासाला' हे मला म्हणावं लागेल, तेही. आई ऐकत होती. बरणीच्या झाकणावर फडकं बांधताना तिनं नेहमीपेक्षा एक गाठ जास्त मारली. पण दुधाबद्दल अवाक्षर नाही.

त्यानंतर मी जे केलं ते मराठी मुलखात कुणी केलं नसेल: मी देवापुढे उभी राहून दूध नासू दे म्हणून प्रार्थना केली. एरवी श्रावणातल्या दमट हवेत आमचं दूध एक दिवसाआड नासतं, आणि आई हळहळते. त्या आठवड्यात दुधाचं काय बिनसलं होतं कोण जाणे! सकाळी झाकण उघडावं तर वर साय, गोधडीसारखी जाड. बुधवारी दोनदा उघडून पाहिलं, तेच. बुधवारच्या शिवणाच्या तासाला समोरच्या खोलीतून रंध्याचा आवाज येत होता, आणि मी परकराच्या दुमडीत सुई खुपसून नुसती बसले होते. बाई म्हणाल्या, "उत्तरा, टाका घाल." मी टाका घातला तो स्वतःच्या बोटात.

गुरुवारी शाळेला श्रावणाची सुट्टी होती. आई म्हणाली, म्हणजे नानांना म्हणाली, "तिला सांगा, आज कढी तिनं करायची."

कढी आणि माझं जन्माचं वैर. ताक मंद आचेवर ठेवायचं, आधी पीठ लावायचं, आणि उकळी फुटेपर्यंत पळी थांबवायची नाही. थांबलात की ताक फुटतं, पाणी वेगळं नि चोथा वेगळा. माझी कढी दर वेळी फुटते. "कढी फोडतेस, उद्या संसार काय करशील?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला पाढ्यांसारखं पाठ आहे. त्या दिवशी तर मी पीठ लावायचंच विसरले. पळी हातात, आणि डोळ्यांपुढे मासुंद्याचं पाणी, पाण्यात सरकत जाणाऱ्या फळ्या, प्रार्थनेला उभी असलेली मी. आता उपाय नाही, संपलं, सोमवार येणारच, असं म्हणत होते, आणि आचेवर ताकानं उसळी घेतली.

"फोडलंस ना?" आई मागे उभी होती. सरळ माझ्याशी बोलत होती. "फोडलंस! काय करावं या मुलीला? एवढं लोणी काढलेलं ताक, पार..."

मी पातेल्यात बघत राहिले. निळसर हिरवं पाणी, आणि वर पांढरा, रबरासारखा चोथा.

"आई," मी म्हटलं. "हे नासवलेलं नाही ना?"

आईनं पातेल्यात डोकावलं.

"दूध नाहीच हे. ताक आहे. आणि मी मुद्दाम नाही केलं. देवाशपथ मुद्दाम नाही!"

"मुद्दाम नाही," आई सावकाश म्हणाली. "वेंधळेपणानं."

"वेंधळेपणा चालतो का श्रावणात?"

आईच्या ओठांचा एक कोपरा हलला. तेवढाच. मग तिनं पदर खोचला, पातेलं उतरवलं, चोथा फडक्यात घेऊन थंड पाण्यानं धुतला आणि पिळ पिळ पिळला. पानाच्या डब्यातला चुना घेतला, पाट्यावर चोथ्यात मिसळून वाटायला लागली. वाटता वाटता तो कोरडा चोथा एकाएकी ओला, चकचकीत, दोरीसारखा ताणणारा झाला.

"बघत काय बसलीस? फळ्या आण. हे घटकाभरात दगड होतं. चुना जास्त घालू नये, तडकतं. पातळ लाव, दोन्ही अंगांना. हं, आता आवळ."

सुतळ्यांच्या गाठी तिनंच मारल्या. त्या दिवशी नानांना ताकाशिवाय भात खावा लागला. त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सुतळ्या सोडल्या. सांध्यांवर बरणीसारखीच पांढरी रेघ. मी ओढून पाहिलं, वाकवून पाहिलं, घंगाळात तासभर बुडवून ठेवलं. हलेना! आता फक्त फटी. सगुणानं राळेचा खडा दिला होता आणि बजावलं होतं, "तेल हात राखून नको वतू, नाय तर राल करक होते नि तरकते." पण शुक्रवार होता. आई जिवतीपुढे बसली होती, नव्या तपेलीत दूध होतं. तेलाचा बुधला देवघराशेजारी. सरसाच्या शुक्रवारनंतर पुन्हा एका शुक्रवारी तिच्याकडे काही मागायला माझी जीभच रेटेना. मी समईत उरलेलं चमचाभर तेल घेतलं, अंगणात विटांवर डबा ठेवून राळ वितळवली आणि फटींत भरली. कडक झाली, चकचकीत. मला ती शहाण्यासारखी दिसली.

शनिवारी पहिले तास श्रमदानाचे होते, म्हणून निम्मी शाळा तलावाच्या काठावर गवत उपटत होती. म्हणजे गवत उपटायचं सोडून माझ्याकडे बघत होती. मास्तरांनी होडी हातात घेतली, उलटी केली, तळ न्याहाळला. नाकाला सुतळी बांधून, तिचं टोक माझ्या हातात देऊन पाण्यात सोडली. मग वाकून आपलं वजन आत ठेवलं. ठक्. अगदी बारीक आवाज आला, कड् असा. मला वाटलं वजनाचा.

होडी तरली. पहिला तास संपल्याची घंटा झाली आणि ती तरली! हेमानं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. पाण्यावर सूर्य आला, गेला. सगुणा मात्र हसत नव्हती. ती होडीच्या काठाकडे टक लावून बघत होती.

"उत्तरे," ती हळूच म्हणाली, "तेल किती घातलास?"

तेव्हा मला दिसलं. एका अंगानं होडी किंचित खाली होती. मग किंचितहून जास्त. मी सुतळी घट्ट धरली, जशी काही ओढून धरल्यानं ती वर राहणार होती. "थांब," मी तिला म्हणत होते, "थोडंच राहिलंय, थांब ना गं, थांब." शिपाई घंटेकडे निघालेला दिसत होता. मी त्याच्याकडे बघू की होडीकडे! काठावरून पाणी आत आलं, एक घोट, दुसरा, आणि मास्तरांच्या वजनासकट होडी खाली गेली. बुडबुडे आले. मग मधल्या सुट्टीची घंटा झाली.

मुलांनी जो आरडाओरडा केला तो मी सांगत नाही.

मास्तरांनी सुतळीनं होडी वर ओढली, पाणी ओतलं. एकेक सांधा अंगठ्यानं दाबला. गुडघ्यावर ठेवून पिळायला बघितलं. आंब्याची फळी करकरली, सांधा नाही.

"कशानं जोडलंस?"

"ताकानं."

पुन्हा हशा. मास्तर हसले नाहीत. "राळ तडकलीय. तेल कमी." पुन्हा एक सांधा दाबून पाहिला. "सांधे माझ्या सरसापेक्षा बरे आहेत. पण बुडाली."

"हो. बुडाली."

"सोमवारी प्रार्थनेला," ते म्हणाले आणि होडी माझ्या हातात दिली.

घरी आले तेव्हा नाना आणि आई दोघंही ओटीवर होते. माझ्याकडे बघून त्यांना विचारावं लागलं नाही. मी होडी आईपुढे ठेवली. तिनं उचलली, तडकलेल्या राळेवरून बोट फिरवलं.

"तेल कमी पडलं?"

मी मान हलवली.

"मागितलं असतंस तर दिलं नसतं का?"

त्यावर मी जी रडले, ती काही वक्तृत्वातली पहिली मुलगी रडेल अशी नव्हे. नाक वाहीपर्यंत. ज्या तोंडानं मास्तरांना सगळ्या मुलांसमोर करवतीचं विचारलं, त्या तोंडानं मला आईकडे वाटीभर तेल मागता आलं नव्हतं. नाना म्हणाले, "जाऊ दे. सोमवारी एक वाक्य म्हणायचं आणि विसरायचं. शब्द दिला होतास ना?"

मी परकरानं तोंड पुसलं आणि उभी राहिले.

"नाना, शब्द मी माझ्या होडीचा दिला होता. तो पाळणार. सोमवारी उभी राहून सांगणार, की होडी बुडाली, राळेत तेल मी कमी घातलं, चूक माझी. पण मुलींची जागा शिवणाच्या तासाला, हे मी म्हणणार नाही. त्यात हेमा येते, सगुणा येते, त्यांच्या वतीनं बोलणारी मी कोण? आणि बुधवारी मी शिवणाला जाणार नाही. ही होडी घेऊन सुतारखोलीच्या पायरीवर बसणार. दार उघडलं तर आत, नाही उघडलं तर पायरीवर, दर बुधवारी. मास्तर रागावले तरी, हेडमास्तरांनी तुम्हाला बोलावलं तरी. आणि आई, मला तेल हवंय. चांगलं वाटीभर."